तापते बीड, ओला गंज आणि मधला पातळ थर

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एखाद्या गाडीचे बॉनेट उघडले की बघ्यांची नजर आधी चकाकणाऱ्या गोष्टींवर जाते. पॉलिश केलेली ॲल्युमिनियमची झाकणे, पितळी नळ्या, क्रोमचे नट, नवी कोरी वायरिंग. या लखलखाटात इंजिनाच्या कुशीला चिकटलेला एक भाग मात्र पुष्कळदा तांबूस, खरबरीत आणि ओशाळवाणा दिसतो. तो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारी ही बिडाची, फाटे फुटलेली नळी. मालकाने रंगकामावर आणि गाद्यांवर भरपूर खर्च केलेला असतो. मॅनिफोल्डलाही त्याने हौसेने रंग दिलेला असतो. पण पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच तो रंग धूर सोडतो, करपतो, त्याला पोपडे सुटतात आणि पावसाळा सरेपर्यंत गंज पुन्हा जागच्या जागी हजर होतो.

लोखंडाला गंजापासून वाचवण्याच्या इतक्या रीती माणसाला ठाऊक असताना हा एवढासा भाग का वाचवता येत नाही? प्रश्न गॅरेजातला वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी धातुशास्त्र, काचशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही दारांशी जावे लागते. शिवाय यात पणाला लागलेली वस्तू पुन्हा मिळणारी नसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा मॅनिफोल्ड ज्या साच्यातून ओतला गेला तो साचा बहुधा कधीच मोडीत निघालेला असतो. मॅनिफोल्डला तडा गेला तर जळका वायू बॉनेटखाली पसरतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू गाडीत बसलेल्यांपर्यंत पोचू शकतो. तेव्हा हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

बीड तापते तेव्हा

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळ होते, पण त्यांच्यामुळेच ते सहज ओतता येते, यंत्रावर सुबक कापले जाते आणि कंपने शोषून घेते. वेड्यावाकड्या आकाराचा, जाड भिंतींचा आणि स्वस्त मॅनिफोल्ड करायचा तर बिडासारखा धातू नाही. म्हणून विसाव्या शतकातल्या बहुतेक मोटारींनी तोच स्वीकारला.

पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू गाडी उभी असताना चारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पूर्ण ताकदीने घाट चढताना तो आठशेच्या वर जातो. मॅनिफोल्डची बाहेरची कातडी यापेक्षा थंड असली तरी अंधारात तिला मंद लाल झाक चढलेली पुष्कळ चालकांनी पाहिलेली असते. तापलेला घन पदार्थ अंधारात दिसू लागण्याची ही सीमा जॉन ड्रेपर यांनी १८४७ मध्ये सुमारे ५२५ अंश अशी नोंदवली होती. लाली दिसली की पृष्ठभाग या आकड्याच्या पलीकडे गेला असे समजावे.

आता प्रसरणाचा हिशोब मांडू. बीड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे अकरा भाग वाढते. अर्धा मीटर लांबीचा मॅनिफोल्ड तीस अंशांवरून सहाशे तीसपर्यंत तापला तर तो तीन मिलिमीटरहून अधिक लांबतो. गाडी थांबली की तो तेवढाच आखडतो. त्याच्यावर चढवलेल्या कोणत्याही थराला ही ओढाताण प्रत्येक प्रवासात दोनदा सोसावी लागते.

त्यात आणखी एक गुंता आहे. बीड वारंवार खूप तापले की ते निवाल्यावर पूर्ण मूळ मापावर येत नाही, कायमचे थोडेसे फुगते. त्यातला लोखंडाशी बांधलेला कार्बन सुटा होऊन ग्रॅफाइट बनतो आणि पापुद्र्यांच्या कडेने आत शिरलेला प्राणवायू आतले लोखंड जाळतो. इंग्लंडमध्ये कार्पेंटर आणि रुगन यांनी १९०९ मध्ये या ‘बिडाच्या वाढी’वर सविस्तर प्रयोग प्रसिद्ध केले. जुन्या लांब मॅनिफोल्डची बोल्टची भोके इंजिनाच्या भोकांशी जुळेनाशी होतात, याचे एक कारण ही वाढ आहे. म्हणजे ज्या भिंतीला आपण गिलावा करायला निघालो आहोत ती भिंतच हळूहळू आकार बदलत असते.

दोन गंज, दोन स्वभाव

मॅनिफोल्डचे शत्रू दोन आहेत आणि ते पाळीपाळीने येतात. पहिला तापल्यावरचा गंज. याला पाणी लागत नाही, हवेतला प्राणवायू पुरतो. ५७० अंशांच्या खाली लोखंडावर धरणारी ऑक्साइडची साय बऱ्यापैकी घट्ट असते आणि सावकाश वाढते. त्या तापमानाच्या वर मात्र वुस्टाइट नावाचे वेगळे ऑक्साइड तयार होऊ लागते. त्याच्या जाळीतून लोखंडाचे अणू भराभर वर सरकतात, त्यामुळे साय जाड होते आणि निवताना खपलीसारखी सुटते.

दुसरा शत्रू थंडावल्यावरचा ओला गंज. लोखंड गंजायला पाऊसच लागतो असे नाही. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवले, की हवेची सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. प्रदूषित हवेत ही मर्यादा साठ टक्क्यांच्या आसपास असते. समुद्रकाठी तीही उरत नाही. समुद्राच्या खाऱ्या धुळीत मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते अवघ्या ३३ टक्के आर्द्रतेलाही हवेतले पाणी ओढून विरघळते. मुंबईत किंवा कोकणात गाडीवर बसलेली खारट धूळ कोरड्या वाटणाऱ्या हिवाळ्याच्या दिवसांतही लोखंडाला ओलसर ठेवू शकते.

मॅनिफोल्डच्या आत तर पाणी इंजिनच पुरवते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी दूर गेली तर ही वाफ बाहेर पडते. इंजिन पाच मिनिटे चालू करून बंद केले तर ती थंड बिडावर दवासारखी साचते. आठवड्यातून एकदा इंजिन नुसते ‘फिरवून’ ठेवण्याची सवय मॅनिफोल्डच्या दृष्टीने अपायकारक असते ती यामुळे.

भारतातल्या मालकांच्या बाबतीत इथे कायद्याचाही एक धागा येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी दुचाक्या-चारचाक्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमाला आणली. या गाड्या प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या फियाट डिलाइटही आता वयाने या वर्गात बसतात. पण नियमाचा दुसरा अर्थ असा, की अशी गाडी वर्षाचा बहुतेक काळ उभी राहणार. रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या मॅनिफोल्डला तापल्यावरच्या गंजाची झळ अधिक, तर जपून ठेवलेल्या गाडीला ओल्या गंजाची. थर निवडताना हा फरक विसरला की औषध एकीकडे आणि आजार दुसरीकडे अशी गत होते.

साधा रंग का जळतो

नेहमीच्या तैलरंगांचा आणि एपॉक्सी रंगांचा सांगाडा कार्बनच्या साखळ्यांचा असतो. दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे या साखळ्या तुटतात, प्राणवायूशी जळतात आणि रंगद्रव्याची नुसती भुकटी मागे राहते. काळ्या रंगात पुष्कळदा काजळी हेच रंगद्रव्य असते. जास्त तापल्यावर काजळी स्वतःच जळते, म्हणून काळा मॅनिफोल्ड राखाडी पडतो. बिडाच्या तव्याला तेल पाजून काळी चकाकी आणतात, तसे इथे का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. तव्यावरची ती चकाकी म्हणजे तापून घट्ट झालेले तेलच असते. भाकरीच्या आचेला ते टिकते. मॅनिफोल्डची आच त्याच्या दुप्पट-तिप्पट असते.

यावर पहिला उपाय निघाला तो सिलिकोनचा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या संयुगांचा पाया घातला. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे यूजीन रोचो यांनी ती मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत शोधली आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांचे कारखाने उभे राहिले. सिलिकोनचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि प्राणवायू यांच्या आलटून पालटून जोडलेल्या अणूंचा असतो. ही जोडणी कार्बन-कार्बन जोडणीपेक्षा मजबूत आहे आणि मुळातच प्राणवायूशी बांधलेली असल्याने ती आणखी जळण्याची भीती कमी.

बाजारात ‘सहाशे अंश’ असा शिक्का मारून जे उष्णतारोधक रंग मिळतात ते बहुधा या कुळातले. त्यांची गंमत अशी, की तेही काही अंशी जळतात, पण उपयोगी रीतीने. सिलिकोनच्या कण्याला चिकटलेले कार्बनी गट तापल्यावर उडून जातात आणि वाळूच्या जातीचे सिलिकाचे जाळे उरते. रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म चट्टे मिसळलेले असतील तर हे जाळे त्यांना धरून ठेवते. म्हणून या कुळातला चंदेरी रंग साधारणपणे काळ्याहून जास्त टिकतो.

तरीही घरोघरी हा रंग फसतो, याची कारणे दोन. एक, तो जाड लावला जातो. दोन पातळ हातांनी मिळून मिलिमीटरचा पंचविसावा भाग एवढीच जाडी पुरते. जाड थरातून वायू बाहेर पडताना फोड येतात. दुसरे, तो भाजला जात नाही. हवेत वाळला म्हणजे झाला, असे समजून गाडी थेट घाटात नेली जाते. खरे तर तो टप्प्याटप्प्याने तापवून साधारण दोनशे अंशांच्या वर तासभर ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचे जाळे विणले जाते. सगळे नीट केले तरी या रंगाला दर काही वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. त्याचा मोठा गुण हा, की तो स्वस्त आहे आणि सहज काढता येतो.

काचेचा अंगरखा

१९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने एक्सके १२० ही गाडी आणली. तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा, त्याच्यावर दोन चकचकीत लांब झाकणे आणि कडेला तीन-तीन सिलिंडर सांभाळणारे दोन मॅनिफोल्ड. हे मॅनिफोल्ड काळ्या काचेसारखे तुळतुळीत होते, कारण त्यांच्यावर खरोखरच काच चढवलेली होती. ही रीत पुढे १९६१ च्या ई-टाइपपर्यंत चालू राहिली. आजही जॅग्वारचे चाहते एनॅमल केलेला मॅनिफोल्ड ही अस्सलपणाची खूण मानतात.

एनॅमल मराठी घरांना नवे नाही. निळ्या काठाचे पांढरे मग, ताटल्या, दवाखान्यातले तबक हे सारे त्याच जातीचे. काचेची विशिष्ट भुकटी लोखंडावर पसरून ७५० ते ८५० अंशांच्या भट्टीत घातली की ती वितळून पातळ काचेचा थर बनतो. पहिल्या थरात कोबाल्ट किंवा निकेलचे ऑक्साइड घालतात, त्यामुळे काच लोखंडाशी रासायनिक रीतीने बांधली जाते. काच दाब उत्तम सोसते आणि ताण अजिबात सोसत नाही. म्हणून कारागीर काचेची घडण अशी ठरवतात, की तिचे प्रसरण लोखंडापेक्षा किंचित कमी असावे. भट्टीतून बाहेर आल्यावर लोखंड जास्त आखडते आणि काचेला चहूबाजूंनी आवळून धरते. या आवळण्यातच एनॅमलची ताकद आहे.

ओल्या गंजाविरुद्ध एनॅमल अजोड आहे, कारण काचेतून पाणी जात नाही. अडचण उष्णतेची. एनॅमलच्या बऱ्याच काचा पाचशे-सहाशे अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतात. मॅनिफोल्ड तेवढा तापला की आवळलेला ताण सुटतो, निवताना काचेत केसासारख्या भेगा पडतात. शिवाय बिडातला कार्बन भट्टीत वायूरूपाने बाहेर येऊन काचेत बुडबुडे करतो, त्यामुळे बिडावर एनॅमल चढवणे पत्र्यापेक्षा कठीण. बोल्ट आवळताना पाना निसटला किंवा रस्त्यावरचा थंड पाण्याचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर उडाला की टवका उडालाच. काठ उडालेल्या मगावर गंज कसा त्या उघड्या जागेतून काचेखाली पसरत जातो, ते आपण पाहिलेलेच आहे. जोरात हाकलेल्या जॅग्वारचे मॅनिफोल्ड काही वर्षांत भेगाळत, हे म्हणूनच नवल नाही. एनॅमलचा टवका घरी दुरुस्त होत नाही. सगळी काच काढून पुन्हा भट्टी लावावी लागते.

जस्त, क्रोम आणि पट्ट्या

लोखंड वाचवायचे तर जस्त, हा आपला नेहमीचा ठोकताळा. पत्रे, बादल्या, विजेचे खांब यांना जस्ताने तारले. पण जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि गॅल्व्हनाइझ केलेली वस्तू दोनशे अंशांच्या पुढे फार काळ वापरू नये असा संकेत आहे. मॅनिफोल्डवर जस्त चढवणे म्हणजे तापलेल्या तव्यावर मेण लावणे. त्याच्या धुराने अंग मोडून तापही येतो, वेल्डिंगवाल्यांना हे चांगले माहीत असते.

क्रोमचा मुलामा सुंदर दिसतो, पण तापल्यावर आधी पिवळा आणि मग निळा पडतो. तो मुळातच सूक्ष्म भेगांचा असतो आणि बिडाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर तर त्याची पकड आणखी कच्ची राहते. मॅनिफोल्डभोवती काचतंतूंच्या पट्ट्या गुंडाळण्याची पद्धत शर्यतीच्या गाड्यांतून आली. तिने बॉनेटखालची उष्णता कमी होते खरी, पण ती उष्णता बिडातच कोंडली जाते. उभ्या गाडीत त्याच पट्ट्या ओल धरून बसतात. दोन्ही शत्रूंना एकाच वेळी आमंत्रण देणारा हा उपाय जुन्या बिडासाठी टाळावा. फार जुन्या गाडीवर आधीपासून अशा पट्ट्या असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, त्या कोरड्या ओढून काढू नयेत.

स्वतः झिजणारा धातू

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याचे प्रसरण बिडाच्या दुप्पट असते. कागदावर पाहता हा सर्वांत अयोग्य उमेदवार. प्रत्यक्षात तापणाऱ्या लोखंडासाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या थरांत त्याचे नाव पुढे येते, आणि ते का, हे समजण्यासारखे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला मॅक्स शूप यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वितळलेला धातू फवारण्याचे यंत्र तयार केले. आजच्या यंत्रात ॲल्युमिनियमच्या दोन तारा विजेच्या ठिणगीने वितळवतात आणि दाबाची हवा त्या रसाचे बारीक थेंब लोखंडावर मारते. प्रत्येक थेंब आपटून चपटा होतो आणि खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत अडकून थिजतो. असे हजारो चपटे थेंब एकमेकांवर रचून थर बनतो, शेणाच्या गोवऱ्या रचाव्यात तसा. ॲल्युमिनियम मऊ असते आणि या रचनेत बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे खालचे बीड पसरले-आखडले तरी थर काचेसारखा तडकत नाही, दबून-ताणून घेतो.

वितळण्याचे काय? थेंबांच्या अंगावर ॲल्युमिनाची कातडी असते आणि ॲल्युमिना दोन हजार अंशांच्या पुढे वितळते. शिवाय थर तापत असताना ॲल्युमिनियम आणि लोखंड सीमेवर एकमेकांत मुरतात. त्यातून तयार होणारी संयुगे शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतात आणि तापल्यावरच्या गंजाला दाद देत नाहीत. म्हणजे वापरानेच हा थर बिडाशी अधिक एकजीव होतो.

ओल्या गंजापुढे त्याचा स्वभाव आणखी उपयोगी पडतो. खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. ओरखडा पडून बीड उघडे पडले तरी आजूबाजूचे ॲल्युमिनियम त्याचा भार घेते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९५३ मध्ये फवारलेल्या ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचे पोलादी पट्टे समुद्राच्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि किनाऱ्यावरच्या हवेत लावले होते. एकोणीस वर्षांच्या निरीक्षणाचा अहवाल १९७४ मध्ये आला. मिलिमीटरचा आठ ते पंधरा शतांश एवढा ॲल्युमिनियमचा थर, वरून पोकळ्या बुजवणारा लेप दिलेला असला तर, इतका काळ पोलादाला राखू शकतो असे त्यात दिसले. ती चाचणी थंड पोलादावरची होती, मॅनिफोल्डची नव्हे, एवढे ध्यानात ठेवून तिचा आधार घ्यावा. पण समुद्राकाठी बहुतेक काळ उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ती दिशा दाखवते.

या थराचे उणेपण दिसण्यात आहे. तो मंद राखाडी आणि खरबरीत दिसतो, तेलाचे डाग धरतो. त्याच्यावर सिलिकोनचा पातळ रंग, हवा तर काळा, दिला की पोकळ्याही बुजतात आणि रूपही सुधारते. दोन उपाय एकमेकांच्या उणिवा भरून काढतात.

‘सिरॅमिक’ या शब्दाची झूल

गेल्या काही दशकांत ‘सिरॅमिक कोटिंग’ या नावाने अनेक थर मिळू लागले. नाव एक असले तरी आतला माल वेगवेगळा असतो. काही वर सांगितलेल्या सिलिकोन रंगाचेच सुधारलेले रूप. काहींत ॲल्युमिनियमची भुकटी फॉस्फेटसारख्या अकार्बनी बंधकात धरलेली असते. हे तंत्र विमानांच्या टर्बाइन इंजिनांतून आले. भाजल्यावर ते घासून चकचकीत करता येतात आणि मॅनिफोल्डच्या आतूनही लावता येतात, हा त्यांचा खरा फायदा. यांच्या काही जुन्या घडणींत षट्संयुजी क्रोमियम हे कर्करोगकारक द्रव्य असे. म्हणून काम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: बंधक कोणता, कोणत्या तापमानाला भाजणार आणि सतत किती तापमान सोसेल. ‘क्षणभर हजार अंश’ या दाव्याला मॅनिफोल्डच्या आयुष्यात फारसा अर्थ नाही.

कल्हईवाल्याचा धडा

कल्हईवाला भांडे तापवतो आणि नवसागर टाकून कापडाने फिरवतो. पांढरा धूर निघतो, तांबे लखलखते आणि मगच त्याच्यावर कथील धरते. नवसागर नसेल तर कथील गोळ्या होऊन घरंगळेल. मॅनिफोल्डच्या बाबतीतही तेच. थर कोणताही असो, त्याचे निम्मे आयुष्य तो चढण्यापूर्वीच ठरलेले असते.

बीड ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या वाटेने तेल पिऊन बसलेले असते. वरून पेट्रोलने पुसून ते निघत नाही. मॅनिफोल्ड आधी भट्टीत धूर थांबेपर्यंत तापवून तेल जाळावे लागते. मग दाणेदार ॲल्युमिनाचा मारा करून गंज काढायचा आणि पृष्ठभाग खरबरीत करायचा. गॅस्केट बसण्याच्या सपाट जागा आणि आट्याची भोके आधीच झाकायची. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, कारण घामातले मीठ पुरेसे असते. पहिला थर काही तासांच्या आत चढायला हवा. पावसाळी हवेत हा अवधी आणखी कमी.

इथे एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. अजूनही पुष्कळ ठिकाणी हा मारा नदीच्या किंवा खाणीच्या वाळूने केला जातो. वाळू फुटून होणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला बरे करणारे औषध नाही. ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी वाळूचा मारा १९४९ च्या नियमांनीच बंद केला. आपल्या हौसेच्या गाडीसाठी कोणाच्या तरी मुलाच्या फुप्फुसात धूळ जाणार असेल, तर गिऱ्हाइकाने ‘मारा कशाचा करता?’ एवढा प्रश्न विचारणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ॲल्युमिनाचे दाणे महाग असतात, पण ते पुन्हा वापरता येतात.

निवड कशी करावी

मोटार हा वारसा मानणाऱ्यांची ‘फिव्हा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या ट्यूरिन सनदेचा रोख मूळ वस्तू शक्य तितकी राखण्याकडे, हस्तक्षेप कमीत कमी करण्याकडे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्याकडे आहे. मॅनिफोल्डला हे नेमके लागू पडते. त्याच्या अंगावर ओतशाळेची खूण, भाग क्रमांक, कधी ओतल्याचा काळ अशी उठावाची अक्षरे असतात. बेफिकीर माऱ्याने ती पुसली गेली की तो ऐवज कायमचा गेला. मारा करण्यापूर्वी या खुणांची छायाचित्रे काढावीत आणि त्या जागी दाब कमी ठेवायला सांगावे.

मग कोणता थर? ज्या गाडीचा मॅनिफोल्ड कारखान्यातून उघड्या बिडाचा आला, आणि अशाच गाड्या जास्त आहेत, ती कोरड्या हवेत आणि प्रदर्शनापुरती वापरात असेल तर ग्रॅफाइटची काळी पूड चोळणे हा जुना, निरुपद्रवी उपाय आहे. तो टिकत नाही, पण बिघडवतही नाही. खर्च बेताचा आणि गाडी पठारावरची असेल तर नीट भाजलेला सिलिकोन-ॲल्युमिनियम रंग. गाडी समुद्राजवळ राहत असेल आणि घाटातही जात असेल, तर फवारलेले ॲल्युमिनियम आणि त्यावर सिलिकोनचा लेप. जॅग्वारसारख्या गाडीत एनॅमल हा मूळ रचनेचाच भाग आहे. तिथे तेच पुन्हा करून घ्यावे, मात्र गाडी जपून तापवण्याची तयारी ठेवून.

या निवडीमागे एक कसोटी आहे. थर किती वर्षे टिकेल, हे जसे विचारायचे तसे तो निकामी कसा होईल, हेही विचारायचे. एनॅमल एका टवक्याने हरते आणि गंजाला आपल्याच आडोशाला जागा देते. ॲल्युमिनियम इंचाइंचाने झिजते, त्यामुळे दुरुस्तीला सवड मिळते. साधा रंग लवकर हरतो, पण पुन्हा लावता येतो. ज्या वस्तूची जागा दुसरी वस्तू घेऊ शकत नाही, तिच्यासाठी हळू आणि उघडपणे हरणारा थर अधिक भरवशाचा.

आणि कोणताही थर असो, मालकाच्या सवयीला पर्याय नाही. इंजिन चालू करायचे तर निदान अर्धा तास गाडी चालवावी, म्हणजे आतले पाणी वाफ होऊन निघून जाईल. समुद्रकाठच्या फेरीनंतर मॅनिफोल्ड पूर्ण निवल्यावर खारट धूळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी आणि कोरडे करावे. पावसाळ्यात गाडीवर घट्ट प्लास्टिक घालून ओल कोंडू नये. गाडीच्या कागदपत्रांसोबत एका वहीत कोणता थर, कोणत्या तारखेला, कशाचा मारा करून, किती अंशांवर भाजला हे लिहून ठेवावे. पुढच्या मिस्त्रीला ती नोंद उपयोगी पडेल.